श्रीलताची पिशवी

आमच्या आईचा या जगात दोघांवरच विश्वास होता, एक प्रभू येशूवर आणि दुसरा पप्पांवर. बाकी सगळे संशयित. दूधवाला पाणी घालतो म्हणून ती रोज नखावर दुधाचा थेंब धरून बघायची. भुसार दुकानदार वर चांगले आणि खाली किडके शेंगदाणे भरतो म्हणून पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातले दाणे वर काढायची. पाहुणे गेले की चमचे मोजायची, आणि पाहुण्यांत तिचा सख्खा भाऊ असला तरी मोजायची. मी तिचीच मुलगी. शाळेत कुणी आपणहून खोडरबर पुढे केलं तर माझ्या मनात पहिला विचार यायचा, याला आता माझ्याकडून काय हवंय? आज पन्नाशी उलटली तरी यात फारसा फरक पडलेला नाही. ऑनलाइन मागवलेली साडी आली की खोकं फोडताना मी फोनवर शूटिंग करते आणि माझी लेक हसत बसते. हसू दे. ज्यांच्या खोक्यातून वीट निघाली अशी माणसं मला माहीत आहेत.

मिल बंद पडल्यावर आम्ही चाळ सोडून चर्चच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहायला आलो होतो. गल्लीभर यंत्रमाग. सकाळी आठला जी खटखट सुरू व्हायची ती संध्याकाळपर्यंत, मधे वीज गेली तरच खंड. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि आई म्हणायची, "बाई गं, कान दुखायला लागले." त्या आवाजात आम्ही प्रार्थना केल्या, अभ्यास केला, भांडणंही केली, त्यामुळे आमच्या घरात सगळ्यांचाच आवाज जरा चढा. एकटे पप्पा हळू बोलायचे. पंचवीस वर्षं ते मिलच्या कापडाच्या गोदामात होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, ओठांवर एखादं भक्तिगीत. चिमटीत कापड धरून ते सूत कुठलं, धुण्यात किती आटेल, सगळं सांगायचे. चर्चच्या मंडळीत कुणाचं लग्न असो, बाप्तिस्मा असो, सणाचं जेवण असो, खरेदी पप्पांकडे. त्यांनी आणलेल्या वस्तूला कुणी कधी हात लावून बघितलं नाही. आईनेसुद्धा नाही. पप्पांनी आणलेले शेंगदाणे ती न बघता डब्यात ओतायची. मला वाटतं, दिवसभर सगळ्यांवर पहारा ठेवून दमलेल्या बाईला एक जागा अशी लागत असावी, जिथे तिला पाठ टेकता येते.

नाताळच्या आधीच्या रविवारी आसपासच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना बोलावून चादर आणि शिधा द्यायचा, ही आमच्या चर्चची जुनी रीत. येणारे बहुतेक तेलुगू घरांतले. माग चालवून गुडघे आणि डोळे गेलेले आजोबा, विड्या वळून बोटं वाकडी झालेल्या आज्या. ख्रिस्ती फारच थोडे, बाकी सगळे आपापल्या देवाचे, पण त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये अगदी घरच्यासारखे येऊन बसायचे. ज्यांनी जन्मभर चादरी विणल्या त्यांनाच आपण चादरी वाटतो, यात काही विचार करण्यासारखं आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. त्या वर्षी माझं बी.एड. झालं होतं आणि नोकरीचा पत्ता नव्हता. आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला म्हणाले, "शीला, तू आता मास्तरीण होणार. तरुण संघाची पोरं तुझ्या ताब्यात दिली. ऐंशी चादरी आहेत, ऐंशी पिशव्या भरायच्या आहेत, आणि गोंधळ नको." हॉलमागच्या खोलीची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली तेव्हा मला एखाद्या शाळेची मुख्याध्यापिका झाल्यासारखं वाटलं.

पोरं आठ होती, पण इथे दोघांचीच गरज आहे. एक सॅमसन, बारावी नापास, तोंडाने अखंड बडबड आणि हाताने अखंड खाणं. शिध्याच्या पिशवीत ज्वारी, गुळाचा खडा, शेंगाचटणीची पुडी आणि चर्चमधल्या बायकांनी तळलेल्या चार करंज्या असं असायचं. "ताई, ही करंजी फुटलीये, फुटलेली कशी द्यायची म्हाताऱ्या माणसाला?" असं म्हणत तो दिवसाला पाच-सहा करंज्यांवर दया करायचा. माझा पहिला संशय अर्थात त्याच्यावर. दुसरी श्रीलता. अठरा-एकोणीस वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या, कामाला वाघीण आणि बोलायला महाग. तिचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. वडील नव्हते. आई विड्या वळायची, आजोबा जुने विणकर. श्रीलताला नर्सिंगला जायचं होतं. मिशनच्या एका दवाखान्यात नाताळानंतर मुलाखती होत्या आणि त्यांना पाळकांची शिफारसचिठ्ठी लागायची. पाळकसाहेबांनी ती द्यायचं कबूल केलं होतं. दुपारी दोनला ती हजर व्हायची, खांद्याला खाकी कापडाची एक भली मोठी पिशवी, आणि मला "अक्का" म्हणायची. ही पिशवी कशाला, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "असू दे की अक्का, जाताना भाजी नेते," ती म्हणाली. भाजीला एवढी पिशवी? मी मनात नोंद करून ठेवली.

चादरींचे दहा-दहाचे आठ गठ्ठे पप्पांनी आणून ठेवले होते. आम्ही एकेक गठ्ठा सोडायचा, प्रत्येक चादरीला लाल फीत बांधायची आणि ती कपाटात रचायची, असं काम दहा दिवस चाललं. शेवटच्या आठवड्यातल्या मंगळवारी, निघताना माझ्या आईची लेक माझ्यात जागी झाली आणि मी सगळ्या चादरी मोजल्या. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा मोजल्या. अठ्ठ्याहत्तर. रात्री जेवण गेलं नाही. बुधवारी दुपारी काम सुरू झाल्यावर कुणाला कळू न देता मोजल्या, तर ऐंशी! संध्याकाळी सत्त्याहत्तर. गुरुवारी दुपारी पुन्हा ऐंशी. चोर चोरी करून माल परत आणून ठेवतो असं मी कुठे ऐकलं नव्हतं, म्हणून मी शुक्रवारी पोरं यायच्या आधी जाऊन फीत बांधलेल्या चादरी एकेक करून उलगडल्या. वरच्या चांगल्या होत्या. मधल्या एका चादरीच्या मागच्या बाजूला मात्र आडवी रेघ दिसली, बारीक टाक्यांची, जवळपास त्याच रंगाच्या दोऱ्याने भरलेली. दुसरीलाही तशीच. तिसरीला दोन ठिकाणी. आता सगळं लख्ख झालं होतं. कुणीतरी नवी चादर घरी नेत होतं आणि तिच्या जागी घरातली जुनी, रफू केलेली आणून ठेवत होतं. आकडा बरोबर, माल गायब. मनातल्या मनात मी त्या चोराच्या हुशारीला दादही दिली.

हे मी पप्पांना सांगायला हवं होतं. खरेदी त्यांची, गोदामातले ते, एक चादर हातात धरून त्यांनी मला दोन मिनिटांत खरं काय ते सांगितलं असतं. पण मला मुद्देमालासकट पकडायचं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. याचं कारण आज सांगते. नोकरी नसलेल्या, तेवीस वर्षांच्या, सगळ्या आत्या-मावश्यांनी लग्नावरून टोचलेल्या मुलीला एकदा तरी कुणीतरी शाबास म्हणायला हवं होतं.

त्याच शुक्रवारी पाच वाजता पाळकसाहेब तयारी बघायला आले. पोरं निघायच्या बेतात होती. श्रीलताने पिशवी खांद्याला लावली, पिशवी फुगलेली. मी दारात आडवी उभी राहिले.

"श्रीलता, पिशवीत काय आहे?"

"भाजी."

"तू दुपारपासून इथेच आहेस. भाजी कुठून आली?"

ती गप्प. सॅमसनसुद्धा गप्प, यावरून काय ते समजा. मी तिच्या खांद्यावरून पिशवी ओढून घेतली आणि टेबलावर पालथी केली. तीन चादरी. गठ्ठ्यातून काढलेल्या, फीत न बांधलेल्या, घडी न मोडलेल्या. बाकीच्या सात पोरांनी एकदम श्वास घेतल्याचं मला आजही ऐकू येतं. पाळकसाहेब म्हणाले, "हे काय गं, बाळ?" त्यावर ती इतकंच बोलली, "परत आणणार होते." आणि ती माझ्याकडे नाही, पाळकसाहेबांकडेही नाही, दाराकडे बघत होती. दारात पप्पा येऊन उभे होते. ज्वारीचं पोतं उतरवून घ्यायला आले होते.

मला वाटलं, ती त्यांना घाबरली. पप्पांनी टेबलावरच्या चादरी बघितल्या, तिच्याकडे बघितलं, आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे शीला. गरिबाघरची पोर आहे, थंडीचे दिवस. बाळ, ती वरची चादर तू घेऊन जा. मी दिली असं समज. बाकीच्या ठेव आणि यापुढे असं करू नकोस." माझा ऊर भरून आला. माझ्या बापाचं मन किती मोठं, असं मला वाटलं, हेही मी इथे लिहून ठेवते, कारण लिहायला लाज वाटते आहे. श्रीलताने तिन्ही चादरी एकावर एक नीट ठेवल्या, वरची सुरकुती हाताने मोडली, रिकामी पिशवी उचलली आणि गेली. ती गेल्यावर पाळकसाहेब खिन्नपणे म्हणाले, "आता त्या दवाखान्याला मी कोणत्या तोंडाने चिठ्ठी लिहू? औषधाच्या कपाटाची किल्ली असते नर्सकडे." मी मान हलवली. मला वाईट वाटलं नाही. न्याय झाला असं वाटलं.

शनिवारी सकाळी मी एकटीच खोलीवर गेले. श्रीलताने जुन्या आणून ठेवलेल्या चादरी वेगळ्या काढायच्या आणि त्यांच्या जागी पप्पांना सांगून नव्या मागवायच्या, असा माझा बेत. शेवटचा एक गठ्ठा अजून सोडलेला नव्हता. पप्पांच्या हातची सुतळी, त्यावर त्यांची गोदामातली गाठ, ती दुसऱ्या कुणाला मारता येत नाही. खोलीत कोंदट वास होता म्हणून त्या दहा चादरी मी अंगणाच्या भिंतीवर उन्हात टाकल्या. आणि ऊन त्यांच्यातून आरपार आलं. एकीच्या मधोमध बोटभर रुंदीचा पट्टा, तिथे आडवे धागेच नव्हते. दुसरीच्या मागच्या बाजूला सुटलेले धागे लोंबत होते. तिसरीला करंगळी जाईल एवढं भोक. दहापैकी आठ अशा. घडी मात्र अशी घातलेली, की वर येणारा भाग अगदी बिनडाग. मी धावत आत गेले आणि कपाटातल्या चादरी पुन्हा उलगडल्या. जिथे जिथे आडवी रेघ होती, तिथे तिथे आधी हेच भोक किंवा हाच पट्टा असणार, आणि तो कुणीतरी सुईने एकेक धागा घालून भरलेला होता. मी वीस-बावीस मोजल्या आणि मग मोजायचं सोडून दिलं. चादरी बदललेल्या नव्हत्याच. त्याच होत्या, पहिल्यापासून.

श्रीलताच्या घराचं दार उघडं होतं. दारातल्या उजेडात तिचे आजोबा बसले होते. ती त्यांना ताता म्हणायची. जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर आमचीच एक चादर, हातात लांब सुई. बुधवारी नेलेल्यातली एक मागे राहिली होती, हे मला नंतर कळलं. गुरुवारी मी ऐंशी मोजल्या होत्या खऱ्या, पण घाईत एक चादर दोनदा मोजली असणार. आतल्या बाजूला श्रीलताची आई सुपात विड्या वळत बसली होती, तिने वर बघितलं नाही.

"बस की अम्मा," ताता म्हणाले. त्यांची सुई थांबली नाही.

"ताता, हे तुम्ही करत होता?"

"मी करतो, ही पोर करती. दिवसाला तीन होत्यात. हे समदं टाकून दिलेला माल हाय. कारखान्यात बाजूला काढत्यात बगा, तसला. ही आठ-दहा दिवसामागं येऊन सांगितली, ताता, चर्चमधी असल्या चादरी आल्यात म्हणून. म्हटलं आण, भरून देऊ."

"पण कशासाठी? कुणी सांगितलं होतं?"

त्यांनी सुई चादरीत टोचून ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "घेणारे कोण हाईत? ती नरसम्मा, तो मल्लय्या, समदे मागावरचेच की. चादर हातात आली की आमी लोक तोंड न्हाय बगत तिचं. उलटी करून पाठ बगतो. आमच्या हातानं असला माल गेला तर कारखान्याचा मास्तर पगार कापायचा. आता म्हातारपणी तोच माल आमाला दान म्हणून द्यायचा व्हय?"

तेवढ्यात श्रीलता पाण्याची घागर घेऊन आत आली. मी उठून उभी राहिले. मी काय बोलायचं ते ठरवून आले नव्हते. "श्रीलता, तू मला का नाही सांगितलंस?" असं म्हणाले. म्हणजे अजूनही चूक तिचीच!

तिने घागर खाली ठेवली. "काय सांगू? तुमच्या पप्पांनी खराब चादरी आणल्यात, असं सांगू? तुमी ऐकला असता?" मग तिचा आवाज चढला. "तुमी पिशवी पालथी केली अक्का. चोराची करतात तशी. मला चादर दान दिली तुमच्या पप्पांनी, सगळ्यांपुढं! त्यांना माहीत होतं की मी कशाला नेते. माझ्याकडं बगूनच कळलं त्यांना."

"मी पाळकसाहेबांना जाऊन सांगते. चिठ्ठीचं..."

"एकट्या साहेबाला नको. सगळ्यांसमोर पिशवी उघडली, सगळ्यांसमोरच सांगा."

घरी आले तेव्हा आई पाटावर बसून करंज्यांना मुरड घालत होती आणि पप्पा रविवारच्या कार्यक्रमाचा कागद लिहीत होते. मी सोबत आणलेली भोकाची चादर त्यांच्या कागदावर टाकली. पप्पांनी ती चिमटीत धरलीसुद्धा नाही. धरायची गरजच नव्हती. त्यांनी पेनाला टोपण घातलं. मग ते म्हणाले, "माझ्या एका जुन्या मित्राचा कारखाना यंदा बुडाला. मिलमध्ये बरोबर होतो आम्ही. त्याच्या गोदामात हा माल पडून होता. तो रडला माझ्यापुढे. म्हटलं, याचंही भलं होईल. पहिल्यांदाच केलं शीला, या एका वर्षी." आणि जरा थांबून, "शेवटी ऊब मिळाल्याशी कारण. घेणाऱ्याला काय, थंडी वाजू नये म्हणजे झालं."

"आणि श्रीलता? काल तुम्हाला कळलं होतं ना?"

त्यांनी चादर बाजूला सारून कागद पुन्हा पुढे ओढला. आई मात्र बोलली. हातातली करंजी तशीच धरून म्हणाली, "उद्या तू काही बोलायचं नाहीस. सणाच्या तोंडावर बापाला चव्हाट्यावर उभं करतेस का? त्या पोरीचं नंतर बघू. मी स्वतः जाऊन पाळकसाहेबांना सांगेन चिठ्ठी द्यायला." मी आईच्या तोंडाकडे बघतच राहिले. नखावर दुधाचा थेंब धरणारी ही बाई त्या चादरीकडे एकदाही बघायला तयार नव्हती. मला तिची दया आली आणि रागही आला, आणि खरं सांगायचं तर थोडा दिलासाही वाटला. नंतर बघू म्हटलं की माणसाला झोप लागते.

रविवारी हॉल गच्च भरला. दारात चांदणी टांगलेली, आत झिरमिळ्या, ढोलकी-पेटीवर नाताळची गाणी. म्हातारी मंडळी खुर्च्यांवर, मागे बायकामुलं. पप्पा पहिल्या रांगेत, शर्टाला नेहमीसारखी कडक इस्त्री. पाळकसाहेबांचं बोलणं झालं आणि वाटप सुरू करण्यापूर्वी सूचना द्यायला त्यांनी मला माइकवर बोलावलं. मी वर गेले आणि उघड्या दारातून मला कुंपणाच्या फाटकाशी श्रीलता दिसली. ती आत येत नव्हती, जातही नव्हती. मी चपला बाहेर काढून ठेवा, रांगेत या, असं काहीबाही बोलले. मग म्हणाले, "आणखी एक सांगायचं आहे. परवा श्रीलताच्या बाबतीत माझा गैरसमज झाला. तिने नेलेल्या चादरी ती परत आणणार होती."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडताक्षणी मला कळलं की मी तिला आणखी खाली ढकललं आहे. ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही आता माहीत झालं की तिने चादरी नेल्या. फाटकाशी उभी असलेली श्रीलता वळली. आणि पहिल्या रांगेत पप्पांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. छान बोललीस, आता खाली ये, अशी मान. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव होता. तो भाव मला सहन झाला नाही. मी माइक घट्ट धरला.

"थांब श्रीलता! अजून सांगायचं राहिलंय. या चादरी खराब आहेत. आल्या तेव्हापासूनच खराब आहेत. फाटक्या आहेत, धागे नाहीत. श्रीलता त्या घरी नेऊन तिच्या आजोबांकडून भरून आणत होती. मी तिला चोर म्हणाले. माल माझ्या वडिलांनी आणला आणि त्यांना तो कसा आहे ते माहीत होतं."

पेटी वाजवणाऱ्याचा हात पेटीवरच राहिला. पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. मला वाटलं, आता म्हातारी माणसं चिडतील, उठून जातील. पण कुणी हललं नाही. मग दुसऱ्या रांगेतल्या नरसम्मा आजी मोठ्याने म्हणाल्या, जणू मीच उगाच वेळ घालवत होते, "आमाला म्हाईत हाय की पोरी. गेल्या वर्षी बी तसलीच हुती. त्याच्या आदल्या वर्षी बी. म्या घरी भोकाला ठिगळ लावलं. मल्लय्या, तुजी बी तसलीच न्हवं का?"

"तसलीच," मल्लय्या म्हणाले. "आता सणाला बोलवून देत्यात तर काय बोलायचं, म्हणून गप बसलो."

मी पप्पांकडे बघितलं. त्यांनी गीतांचं पुस्तक उघडलं होतं आणि ते खाली बघून पानं उलटत होते. गाणं कधीच संपलं होतं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. श्रीलता आत आली, थेट पुढे. तिने माझ्याशी एक शब्द काढला नाही. टेबलावरची पहिली चादर उचलली, फीत सोडली, चादर उलटी केली आणि खराब भाग वर ठेवून नरसम्मा आजींच्या हातात दिली. "आजी, हितं तीन तार गेलेत. उद्या घरी आणून दे, ताता भरून देईल." मग दुसरी. "ही भरलेली हाय. बगा, दिसते का?" म्हातारे भिंगं पुढे-मागे करून बघत होते, टाक्यांवरून बोटं फिरवत होते, एकमेकांना दाखवत होते. मी तिच्या शेजारी उभी राहून तसंच करू लागले. ऐंशीच्या ऐंशी चादरी आम्ही उलट्या करून दिल्या. पाळकसाहेबांनी त्याच संध्याकाळी चिठ्ठी लिहिली आणि मुलाखतीला तिच्याबरोबर ते स्वतः गेले. तिने पुढे बत्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. मला ती अजूनही अक्का म्हणते, पण तिच्या घरी मी कधी जेवायला बसले नाही आणि तिनेही कधी बस म्हटलं नाही. ते बरोबर आहे.

पप्पांनी मंडळीची खरेदी सोडली. त्यांना कुणी काढलं नाही, त्यांनीच सोडली. माझ्याशी ते पूर्वीसारखेच हळू आवाजात बोलत राहिले. माझं लग्न त्यांनी करून दिलं, माझी लेक त्यांनी खांद्यावर खेळवली, शेवटच्या आजारपणात त्यांना अंघोळ मी घातली. त्या नाताळपासून ते जाईपर्यंत अकरा वर्षं होती माझ्या हातात. आदल्या वर्षी तर तुमच्या त्या मित्राचा कारखाना धडधडत चालू होता, मग तेव्हाच्या चादरी कुठून आल्या, एवढंच विचारायचं होतं. मी विचारलं नाही. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी त्यांना माफ केलं असतं, हे मला माहीत होतं. ते नाही म्हणाले असते, तर माझा त्यांच्यावर विश्वास बसला नसता. आणि आपल्या बापाला अंघोळ घालताना ते मला झेपलं नसतं.